उत्तरेकडची पन्हळ

एलिंगमिअर, सफोक
सोमवार, ३ मे १८६९

प्रिय टॅबी,

तू खुशाल असशील आणि घरची मंडळीही बरी असतील अशी आशा करते. मी बरी आहे. हिवाळाभर खोकल्याने छळलं, आता उतरलाय. तुझा पत्ता मला मासे विकायला येणाऱ्या सॅम बॉटराइटने दिला. म्हणाला, "अटिंगची बायको ना? चांगली ओळखतो. पाच पोरं आहेत तिला, थोरला बापाबरोबर बोटीवर जायला लागला." आणखी काही सांगेल म्हणून मी त्याच्याकडून नको असताना सहा हेरिंग घेतले. पण त्याने पैसे खिशात टाकले आणि गाडी हाकली.

अक्षर ओळखूनही तू हे चुलीत टाकलं नसशील तर थोडं पुढे वाच.

आपलं चर्च सध्या ओळखू येत नाही. दोन वर्षांपूर्वी हार्टली म्हणून नवे पाद्री आले. माणूस चांगला आहे, पण त्यांना जुनं ते सगळं मळकट दिसतं, आणि फारच जुनं असेल तर मात्र डोळ्यांत पाणी येतं. दारं असलेली ती उंच खोक्यांसारखी बाकं त्यांनी पहिल्याच झटक्यात काढली. म्हणाले, "हे देवाचं घर आहे, गोठा नव्हे, की घराणं बघून दावणीला बांधावं." बाकांच्या तळाशी त्याहून जुन्या बाकांच्या कोरीव ओकच्या फळ्या सापडल्या. एका टोकाला मागे वळून पाहणारा कुत्रा आहे, त्याचं नाक हात लागून लागून पार गुळगुळीत झालंय. साहेब त्याच्यापुढे गुडघ्यावर बसले तर जमीनदारीणबाई म्हणाल्या, "वेदीपुढे इतका वेळ बसत नाहीत हे."

मागचा सज्जाही गेला. जेबेझ कटिंग तिथे उभा राहून मोठं सारंगीवजा वाद्य वाजवायचा, आठवतं? आता तिथे हार्मोनियम आणलाय, शाळामास्तरांची मुलगी वाजवते. जेबेझ सुतारकामाला रोज येतो आणि रोज तेच बोलतो, "चाळीस वर्षं मी देवासाठी वाजवलं, केझी. आता देवाला पेटी हवी झाली." मी म्हटलं, "देवाने मागितलेली दिसत नाही, साहेबांनी मागितली." तेव्हा कुठे हसला.

बाबांची जागाही गेली. तो तिमजली मंच, वरती प्रवचन, मधे प्रार्थना आणि सगळ्यांत खाली बाबा, चर्चचे कारकून, 'आमेन' म्हणायला. त्यांच्या आमेनने छपरातली कबुतरं उडायची. मंच सुटा करून आवारात एल्डरच्या झाडाखाली टाकलाय. मी दर शनिवारी फरशी धुवायला जाते, येताजाता नजर तिकडे जाते.

छपराचे देवदूत तेवढे आहेत. मुकादम डॅक परांचीवर चढून जवळून बघून आला. म्हणाला, "अर्ध्यांना तोंडच नाही, बाई, आणि पंखांत छर्रे रुतलेत. कुणीतरी आत कावळे मारलेत."

मी उगाच छताकडे बघत बसलेय. जमिनीवरचं लिहायचं आहे.

उत्तरेकडची भिंत पाडली. ओल मुरून तिचा चुना सुटला होता, गारगोट्या हाताने निघत होत्या. तिथे नवी ओवरी बांधायची आहे, म्हणून बाहेरच्या अंगाला पाया खणायला घेतला. त्या बाजूला कोणाला पुरतात ते मी तुला सांगायला नको. बिनबाप्तिस्म्याची पोरं, आणि ज्यांनी आपला जीव आपण घेतला ते.

गेल्या मंगळवारी, दुपारच्या भाकरीच्या आधी, त्यांना पेटी लागली. आईची शिवणाची पेटी, टॅबी. पितळी कोपऱ्यांची, झाकणावर आईची आद्याक्षरं असलेली. ती पेटी बाबांनी विकली अशी माझी समजूत होती. जेबेझने ती ओळखली, कारण ती त्यानेच आईच्या लग्नात करून दिली होती. त्याने डॅकला फावडं टाकायला लावलं आणि मला बोलावणं पाठवलं. पेटी शाबूत आहे. उघडली नाही, कुणाला उघडूही दिली नाही. मनोऱ्याच्या तळाशी, घंटांच्या दोऱ्यांखाली, माझ्या स्वच्छ चादरीत ठेवली आहे. किल्ली माझ्याकडे आहे.

पुढचं मला त्याच दुपारी कळलं. डॅक चिडला होता, म्हणाला, "कोणा शहाण्याने छपराची पन्हळ इथे वळवली? सगळं पाणी मनोऱ्याजवळच्या चरात जायला हवं. हे भिंतीच्या पायाशीच ओतलंय, म्हणून भिंत गेली." जेबेझ हळूच म्हणाला, "एफ्रेम गॅरडने वळवली, केझीच्या बापाने. मीच शिडी धरली होती."

"कशाला पण?"

"विचारलं होतं मी. म्हणाला, तू शिडी धर."

मग जेबेझ माझ्याकडे वळला. म्हणाला, "केझी, माझी आजी सांगायची. नाव न मिळालेलं पोर चर्चच्या वळचणीला ठेवावं. देवळाच्या छपरावरून आलेलं पाणी साधं राहत नाही. पाद्री नसला तरी पाऊस असतो."

पन्हळीचं तोंड बरोबर पेटीच्या वर होतं, टॅबी. मला ते काम आठवलं. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात, बाबा शिडीवर होते. चर्चचा कारभारी, वॉर्डन, खालून ओरडत होता, "गॅरड, भिंत भिजेल!" आणि बाबा, ज्यांनी जन्मात वॉर्डनला उलट उत्तर दिलं नाही, ते म्हणाले, "भिजू दे." मला वाटलं, दुःखाने डोकं फिरलंय.

अठरा वर्षं प्रत्येक पावसाचं पाणी तिच्यावर पडत होतं.

आता मला ते लिहायला हवं, ज्यासाठी हे पत्र आहे. तीन दिवस कागद पुढे घेऊन बसते आणि बाकांबद्दल, सज्जाबद्दल लिहून उठते. हे चौथं पत्र, आधीची तीन जाळली.

त्या दिवशी बाबांनी मला अडवलं नव्हतं.

तू तापात होतीस. तुझ्या तीन दिवसांच्या पोरीचं अंग निळं पडायला लागलं, तू म्हणालीस, "केझी, पळत जा, पाद्रींना आण, हिला नाव देऊन टाकू दे." मी खाली आले. बाबा चुलीपाशी उभे होते, बूट घालूनच. ते म्हणाले, "जा पोरी. फेन साहेब नाही म्हणाले तर सांग, बत्तीस वर्षांत एफ्रेमने काही मागितलं नाही, आज मागतोय. मी पोरींना सोडून हलत नाही." असं म्हणाले ते. 'पोरींना' म्हणाले. तुला आणि तिला, दोघींना धरून.

मी धावत गेले. पाद्रींच्या फाटकापाशी पॅलंटची गाडी उभी होती आणि रॉबर्टची आई गाडीत चढता चढता बोलत उभी होती. माझं आणि रॉबर्टचं लग्न ठरून तीन आठवडे झाले होते. तुझं तिला काही माहीत नव्हतं, हिवाळाभर आपण तुला घरात लपवलेलं. ती म्हणाली, "काय गं केझाया, धापा टाकतेस ती? घरी सगळं ठीक ना?"

मी म्हटलं, "सगळं ठीक आहे."

वाटलं, ती जाईल, मग आत जाईन. ती जाईना. फेन साहेबांची बहीण बाहेर आली, दोघी उभ्या राहिल्या बोलत. मी चर्चमध्ये शिरले आणि कुंडाजवळच्या दगडावर बसले. कुंडात पाणी होतं, आदल्या रविवारी चक्कीवाल्याच्या पोराचा बाप्तिस्मा झाला होता त्याचं. त्यातलं ओंजळभर घेऊन मीच परत धावले असते तरी चाललं असतं. कारकुनाची मुलगी मी, मला माहीत होतं की वेळ आली तर ते कुणीही करू शकतं. मी बसून राहिले. गाडी गेल्याचा आवाज आला तेव्हा उठले, आणि तरीही फाटकाकडे न जाता घरी आले. का, ते अठरा वर्षं स्वतःला विचारतेय. पाद्री आपल्या घरात शिरताना कुणी पाहिलं तर गावभर होईल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

पोरगी गेली होती. बाबांना मी सांगितलं, फेन साहेब घरी नव्हते. जिन्याने वर आले तर तू विचारलंस, "आले का?" आणि मी म्हटलं, "बाबांनी मला दारातूनच परत फिरवलं. म्हणाले, असल्या पोरासाठी पाद्रींना तोंड कसं दाखवू."

हे शब्द बाबांचे नव्हते, टॅबी. माझे होते. उठता येऊ लागताच तू निघालीस, बाबा दारात उभे असताना त्यांच्या अंगावरून निघून गेलीस. त्यांनी हात पुढे केला होता. मी पाहिला.

रॉबर्टचं म्हणशील तर त्याच्या आईला महिन्याभरात कळलंच. त्याच वर्षी सुगीनंतर त्याचं लग्न डेबनमच्या मुलीशी झालं.

बाबा अठ्ठावन्नच्या जानेवारीत गेले. शेवटच्या आठवड्यात रोज विचारायचे, "टॅबीचं काही आलं?" एकदा माझा हात धरून म्हणाले, "तिचं मी काय वाईट केलं गं, केझी? तुला माहीत असेल तर सांग, म्हणजे मरायच्या आधी चूक कबूल तरी करीन." मी उशी नीट केली आणि म्हटलं, "झोपा आता."

पेटीचं काय करायचं ते तू सांग. तुझ्याशिवाय कुणाचा हक्क नाही.

केझाया

*

लोस्टॉफ्ट
शनिवार, ८ मे १८६९

केझाया,

पत्र मिळालं. पहिल्यांदा मी वाचलं, दुसऱ्यांदा जॉनकडून वाचून घेतलं, कारण मला वाटलं मी काहीतरी चुकीचं वाचतेय. पोरीचं त्याला लग्नाआधीच सांगितलं होतं. बाबांचंही सांगितलं होतं, तू मला जसं सांगितलंस तसं.

माझ्या पोरांना आजोबा कधीच नव्हते. थोरल्याने लहानपणी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मेले. तेव्हा ते जिवंत होते. चाळीस मैलांवर होते. सत्तावन्न साली जॉन हातापाया पडला होता, चल, एकदा म्हाताऱ्याला भेटून येऊ, पोरं दाखवू. मी म्हटलं, त्या माणसाच्या दारात माझी पोरं पाय ठेवणार नाहीत.

ते मला आता कुठून परत आणून देणार आहेस तू?

तिला बाबांजवळ ठेवायचं. बाबांच्या कबरीतच, दुसरीकडे नाही. पाद्री काय म्हणतात ते तू बघ, तेवढं तर तू माझं लागतेस. गुरुवारी येते. मी येईपर्यंत तिला कुणी हलवायचं नाही. तुझ्या घरी येणार नाही, पाणीसुद्धा घेणार नाही. मला काही बोलायला येऊ नकोस.

टॅबिथा अटिंग

*

एलिंगमिअर
गुरुवार, २० मे १८६९

टॅबी,

बोलू नकोस म्हणालीस, म्हणून आपणहून बोलले नाही. लिहू नकोस असं म्हणाली नव्हतीस. हे शेवटचं. काही गोष्टी तुला माहीत असायला हव्यात, तेवढ्या सांगते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी हार्टली साहेबांकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. फाटकातूनच गेले, पुढच्या दाराने, आणि आत जमीनदारीणबाई बसल्या होत्या तरी सांगितलं. बाई उठून जाऊ लागल्या, मी म्हटलं, "बसा, तुम्हीही ऐका." साहेबांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडून पाहिलं. मग म्हणाले, "बाई, तिच्यावर प्रार्थनेचे शब्द म्हणायचा मला अधिकार नाही. पुस्तकात तसं स्पष्ट आहे." मी म्हटलं, "आणि कबर?" ते म्हणाले, "तुमच्या वडिलांची कबर तुमच्या घरची आहे. तिथे काय ठेवता ते मी विचारणार नाही. आणि शब्द म्हणायची बंदी आहे, उभं राहायची नाही."

म्हणून गेल्या गुरुवारी ते काळा झगा न घालता, साध्या कोटात, टोपी हातात घेऊन यूच्या झाडाखाली उभे होते. तू पाहिलंस, पण ते कोण ते तुला कळलं नसेल.

गवंडी आपणहून थांबले. मी किंवा साहेबांनी सांगितलं नव्हतं. डॅकने परांचीवरच्या माणसांनाही खाली उतरवलं. त्याचीही एक पोरगी अशीच गेलेली आहे म्हणे.

तू उत्तरेच्या खणलेल्या जागेपाशी उभी राहिलीस, वर बघत. पन्हळ तर काढून टाकलेली होती. तू जेबेझला विचारलंस, "कुठे होती?" त्याने काठीने दाखवलं. तू तिथली माती रुमालात घेतलीस. मग आत गेलीस, इतका वेळ की मला वाटलं, येतच नाहीस. मी दारापर्यंत आले होते. तू कुंडाला पाठ लावून जमिनीवर बसली होतीस आणि छताकडे बघत होतीस. मी आत आले नाही.

मग ते झालं, ज्याच्याबद्दल मला लिहायचं आहे.

जेबेझने आईच्या पेटीसाठी ओकची बाहेरची पेटी करून आणली होती. मंचाच्या फळ्या त्याने साहेबांकडून मागून घेतल्या होत्या. बाबा ज्या फळीला टेकून बसायचे तीच झाकणाला लावली. त्याने पटाशी काढली आणि तुला म्हणाला, "नाव काय कोरू, टॅबी?" तू फळीवरून हात फिरवलास. मला वाटलं, तुला सुचत नाहीये. मी म्हणून गेले, "नाव नव्हतं ठेवलेलं, जेबेझ."

तू म्हणालीस, "केझाया."

मी म्हटलं, "काय गं?"

खरंच सांगते, अठरा वर्षांनी तू मला हाक मारलीस असं मला वाटलं. मी दोन पावलं पुढे आले. माझे हात पुढे झाले होते. आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुला नाही. तिला."

जेबेझची पटाशी हातातच राहिली. तू त्यालाच सांगत होतीस, मला नाही, "तिला नाव होतं. जन्मली त्याच दिवशी ठेवलं होतं मी. पाद्री आले की सांगणार होते. हिला धर्ममाता करायचं होतं, हिचंच नाव द्यायचं होतं. माझी बहीण धावत गेलीय, ती आणेलच, म्हणून मी पोरीच्या कानात तेच म्हणत होते. थांब, केझाया. थोडंच थांब. केझाया गेलीय."

जेबेझने नाव कोरलं. त्याचे हात आता कापतात, एक अक्षर वाकडं गेलं. तू म्हणालीस, "असू दे."

तू पेटी स्वतः खाली ठेवलीस. मातीत गुडघ्यावर बसून, दोन्ही हात आत घालून, हळू, पाळण्यात ठेवावं तसं. मग बाबांच्या दगडावर कपाळ टेकून तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही, आणि मी ऐकण्याचा प्रयत्नही केला नाही. पाच वाजता गाडी आली, तू चढलीस. वळणापर्यंत मी बघत होते. तू मागे वळली नाहीस. बरोबर केलंस.

तुला माहीत असायला हवं ते इतकंच. कबर मी रोज बघते. माती बसलीये, गवताची बी टाकली आहे. रविवारी प्रवचन संपल्यावर हार्टली साहेबांनी सांगितलं की नव्या ओवरीचं पाणी मनोऱ्याजवळच्या चरात जाईल. मग जरा थांबून म्हणाले की एक छोटी पन्हळ दक्षिणेकडे सोडायची आहे, गॅरडच्या कबरीच्या अंगाला, कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगावी. मागे कुणीतरी खोकलं. कुणाची हरकत आली नाही.

मंगळवारी पाऊस झाला. पन्हळ अजून बसायची आहे, म्हणून मी घरातली घागर चर्चच्या छपराखाली धरून भरली आणि कबरीवर नेऊन ओतली. तसं करायचा मला अधिकार नाही, कळतं मला. तू म्हणालीस तर थांबेन. काही म्हणाली नाहीस तर पन्हळ बसेपर्यंत करीन.

तुझ्याकडून उत्तराची वाट बघणार नाही. वाट बघायला लावणं काय असतं ते मला आता कळलंय.

पत्राखाली सही करायची असते. गेला आठवडाभर मी कुठेही नाव लिहिलेलं नाही, धुण्याच्या चिठ्ठीवरसुद्धा नाही. लेखणी टेकवली की ते नाव माझं राहत नाही, तिचं होतं. तिच्या वाट्याला ते तीनच दिवस आलं, माझ्या वाट्याला बेचाळीस वर्षं. म्हणून तू ओळखशील एवढंच खाली लिहिते.

जी गेली होती आणि आली नाही,
ती